पाणी पिकलं का?

परवा मेहकरातल्या एका नव्या हॉटेलात आम्ही जेवायला गेलो आणि मी उपाशी परत आले. आत शिरताच समोर काचेची लांबलचक टाकी. काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, वर झेंडूचा हार, पाण्यावर तरंगणाऱ्या अक्षता, आणि त्या अक्षतांखाली हातभर लांबीचा चंदेरी अरोवाना मासा तोंड वर काढून हवा गिळत होता. पाणी दुधाळ झालेलं. मालक कौतुकाने सांगत होता, "कालच सोडला ताई, उद्घाटनाले. लय लकी मासा असते." मी विचारलं, पाणी कधी भरलं? तर म्हणाला, "कालच." मी त्याला तिथल्या तिथे चार गोष्टी सुनावल्या. त्याने त्या हसण्यावारी नेल्या तशी मी ताटावरून उठले. घरच्यांनी मला वेड्यात काढलं. काढू देत. आमचे पुंजाजी कंडक्टर आज हयात असते तर त्यांनी त्या हॉटेलवाल्याला गिऱ्हाइकांसकट रस्त्यावर आणलं असतं.

पुंजाजी आता नाहीत. त्यांच्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. माझं ब्लाउज शिवण्याचं दुकान त्यांच्या शेजारीच, मध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीतून मला वर्षानुवर्षं त्यांचा आवाज ऐकू यायचा. मूळचे जानेफळचे. सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी रंगीत माशांचं दुकान टाकलं. पण नोकरी काही अंगातून गेली नाही. खाकी शर्ट तोच, डोळ्यांवर पडणारी टोपी तीच, आणि तिकिटाला भोक पाडायचं जुनं पंच खिशात. ते त्यांच्याकडे कसं राहिलं हे कुणी विचारायचं नाही. पंच टिकटिकवलं की दुकानातले सगळे मासे काचेशी गोळा व्हायचे, कारण त्यानंतर खाणं मिळायचं. दारावर पाटी होती: काचेवर बोट मारू नये, मारणाऱ्यास उतरवले जाईल.

आणि खरंच उतरवायचे. मासे विकण्यापेक्षा न विकण्यातच त्यांचा दिवस जायचा. विशेषतः मोठे मासे. ऑस्कर, अरोवाना, दुसऱ्या माशांना गिळणारे ते दांडगे जीव मागायला कुणी आला की भिंतीपलीकडून ठरलेला संवाद सुरू व्हायचा.

"टाकी कवा आनली?"

"आजच."

"आन पानी?"

"आता भरतो ना घरी जाऊन."

"मंग मासा काऊन मागून राह्यले? पानी पिकलं का?"

पाणी पिकलं का, हा त्यांचा पहिला आणि शेवटचा प्रश्न. गिऱ्हाईक बुचकळ्यात पडलं की ते समजावायला घेत, आणि समजावता समजावता त्यांचा आवाज चढत जाई. "मासा पान्यातच खाते, पान्यातच हागते. त्याचं इष होते. दिसत नाही, पन असते. ते इष खानारे बारीक जीव फिल्टरच्या स्पंजात राह्यतात. नव्या टाकीत ते कुठून येतीन? त्यायले यायले महिना, दीड महिना लागते. लहान मासा एखाद् वेळी तग धरते. हे मोठे गडी बकाबका खातात, टोपलंभर घान करतात आन दोन-चार दिवसांत सोताच्याच घानीनं मरतात. रिकामी गाडी चालवा अगोदर. चिमूटभर खाद्य टाका, सडू द्या, फिल्टर चालू ठेवा. प्याशिंजर नंतर. आन तेही एक-एक."

रिकाम्या पाण्याला लाइट जाळायची? लोक हसत. पुंजाजींना हसणं सोसायचं नाही. एकदा मला म्हणाले, "पयली खेप मीच मारली ताई. धनतेरसले दुकान उघडलं, धनतेरसलेच मासे भरले. भाऊबीजेले शेवटचा गेला. बहिनीनं ओवाळलं तवा मी रडून राह्यलो व्हतो आन तिले वाटलं, भाऊ माया करते."

रस्त्याची कामं घेणारा एक ठेकेदार दसऱ्याला आला होता. नवं घर, नवी टाकी, दसऱ्याचा मुहूर्त, अरोवाना आजच पाहिजे. पुंजाजींनी नाही म्हटलं. ठेकेदाराने आपण कोण आहोत ते सांगितलं. पुंजाजींनी त्याला, तो कोण आहे याच्याशी माशाला काही देणंघेणं नसतं, हे सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. त्याने अकोल्याहून मासा आणवला आणि त्याच आठवड्यात तो पिशवीत घालून पुंजाजींकडे घेऊन आला. औषध द्या म्हणाला. मासा मेलेला होता. पुंजाजींनी पिशवी हातातून काढून घेतली, दुकानामागे जाऊन खड्डा केला, मासा पुरला आणि मग माझ्या दुकानात येऊन शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसून राहिले. हातांची माती त्यांनी धुतली नव्हती. "गाडी घेतली का पेट्रोल इचारतात, म्हैस घेतली का चारा इचारतात," ते म्हणाले. "मासा घेतला का मुहूर्त इचारतात."

याहून त्यांना जास्त चीड होती ती जिवंत मासा टाकून दाखवा म्हणणाऱ्यांची. पोरांना गंमत म्हणून मोठ्याने लहानग्याला गिळताना पाहायचं असतं, आणि आईबाप तेच हौसेने मागतात. असं म्हणणारं माणूस पुंजाजींनी कधी पायरीवर टिकू दिलं नाही. त्यांचे दांडगे मासे सुकी कोळंबी आणि गोळ्या खायचे. "शिकार कराची तर जंगलात जा बे," हे वाक्य मी भिंतीपलीकडून इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर मी टाके मोजू शकले असते.

दुकानात विकायला नसलेला एकच मासा होता. काळा-नारिंगी, जाडजूड ओठांचा ऑस्कर, कोपऱ्यातल्या मोठ्या टाकीत एकटा. त्याचं नाव डेपो मॅनेजर. सगळ्यांकडे संशयाने बघायचा, कुणाचं काही ऐकायचा नाही आणि खुर्चीवरून, म्हणजे त्याच्या दगडावरून, हलायचा नाही. एकदा पुंजाजींनी टाकी साफ करताना तो दगड जरा सरकवला, तर हा तळाशी आडवा पडून राहिला. बाजारात बोभाटा झाला, कंडक्टरचा मासा मेला. लोक बघायला आले. पुंजाजी शांतपणे खुर्चीत. "रुसला," म्हणाले. "ऑस्कर रुसते. त्याचे कल्ले पाहा, हळू चालून राह्यले. मरनारा मासा तळाशी नाही पडत पयले, वर येते. तोंड वर काढते, कल्ले भराभरा हालवते. रुसलेला आन मरनारा यातला फरक समजला पाहिजे." दगड जागेवर ठेवला तसा साहेब उठला. शेजारी उभी असलेली वर्षा, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा खूप हसली होती.

त्यांचं सगळंच शहाणपणाचं होतं असंही नाही. ज्याने खरंच टाकी रिकामी चालवली त्याला ते आपल्या जुन्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा द्यायचे, स्टीलच्या डब्यात, टाकीच्याच पाण्यात बुडवून. त्याला ते विरजण म्हणत. त्या तुकड्यातले बारीक जीव नव्या टाकीत पसरतात आणि पाणी लवकर पिकतं. ते धुवायचं झालं तर टाकीच्या काढलेल्या पाण्यातच पिळायचं, नळाचं पाणी दाखवायचं नाही, त्यातल्या क्लोरीनने ते जीव मरतात, अशी शपथ घालायचे. पण दिवेलागण झाल्यावर कुणी विरजण मागितलं तर देत नसत. "तिन्हीसांजेले विरजन देत असतात का कोनी?" म्हणायचे. मुहूर्तावर आगपाखड करणारा माणूस! मी चिडवायची, तर म्हणायचे, "ते येगळं, हे येगळं." काय वेगळं, ते त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

वर्षाचं लग्न पिंपळगाव राजाला झालं. सासरचं कृषी केंद्र, शेती, मोटार, माणसांत ऊठबस. स्थळ चांगलं म्हणून घाईघाईत झालं. पुढे त्यांनी गावात नवं घर बांधलं आणि व्याह्यांचा, आमच्याकडे म्हणतात तसं इवायांचा, पुंजाजींना फोन आला. हॉलमध्ये मोठी टाकी बसवतोय, वास्तुशांतीच्या दिवशी त्यात मोठे मासे पाहिजेत, आणि तो डेपो मॅनेजर तर पाहिजेच. "मासे काय, तुमच्या घरचेच," असं हसून म्हणाले.

ठेकेदाराला पायरीवरून उतरवणारा माणूस फोनवर "हाव, हाव, काऊन नाही" म्हणत राहिला. मुलीच्या बापाने मुलीच्या सासरी नाही म्हणायचं नसतं, ही आपली रीत. कुणी लिहून ठेवलेली नाही, तरी सगळ्यांना पाठ. मला तिचा मनापासून राग आहे.

पण पुंजाजींनी निदान वेळ मागून घेतला. वास्तुशांतीच्या कितीतरी आधी टाकी बसवून घेतली, पाणी भरलं, आपलं विरजण नेऊन फिल्टरमध्ये ठेवलं आणि दर आठवड्याला खामगावला गाडी बदलून पिंपळगावला जाऊ लागले. टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात तपासायच्या औषधाचे थेंब कसे टाकायचे ते वर्षाला शिकवलं. नळीतलं पाणी हिरवं झालं की विष आहे, पिवळं राहिलं की नाही. "हिरव्याले थांब, पिवळ्याले चाल," असा उलटा सिग्नल तिच्याकडून घोकून घेतलं. पाव्हणे रिकाम्या टाकीकडे बघून विचारत, मासे कुठे गेले? सासूबाई ओशाळत. शेवटी पाणी पिवळं राहू लागलं. पुंजाजी त्या आठवड्यात माझ्याकडे येऊन सांगून गेले, "पिकलं बरं का ताई."

वास्तुशांतीला मीही होते, घरातल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज माझ्याकडचेच म्हणून. पुंजाजी जीपमध्ये निळे ड्रम घेऊन आले. एकात डेपो मॅनेजर, दुसऱ्यात दोन तरणे ऑस्कर. हॉल पाव्हण्यांनी भरला होता, गुरुजी घाई करत होते, फोटोवाला तयार. पुंजाजींनी सवयीने आधी फिल्टरचं झाकण उघडलं.

स्पंज पांढराशुभ्र होता. कपड्याच्या पावडरीचा वास येत होता.

"अवो, किती घान व्हतं ते!" विहीणबाई कौतुकाची वाट बघत म्हणाल्या. "बुळबुळीत, काळं. पूजेच्या घरात तसलं कसं ठिवाचं? म्या पावडर टाकून खळखळा धुतलं. पानीबी सगळं उपसून टाकलं, नवा टँकर आनला." टाकीत हळदीकुंकू पडलेलं होतंच. कुणीतरी नारळाचं पाणीही त्यात शिंपडलं होतं.

बाईंनी जे केलं ते निर्मळ मनाने केलं, हे मलाही कळतं. पण घरात इतके आठवडे चाललेली गोष्ट कशासाठी आहे, हे सुनेला एकदा विचारावंसं वाटलं नाही त्यांना. सुनेला विचारायचं असतं हेच ठाऊक नसतं अशा घरांना.

पुंजाजी झाकण हातात धरून उभे. गुरुजी म्हणाले, चला, वेळ टळते. इवाई म्हणाले, "सोडा ना, काय पाहून राह्यले?" पुंजाजींनी वर्षाकडे बघितलं. ती सासूच्या मागे डोक्यावरचा पदर सावरून उभी होती. तिने किंचित मान हलवली, नाही म्हणून. मी ते स्पष्ट पाहिलं. मला वाटलं आता हा माणूस गरजणार, ड्रम उचलणार. पुंजाजींनी मान खाली घातली. खिशातून क्लोरीन मारायच्या औषधाची बाटली काढून ती जवळजवळ सगळी पाण्यात ओतली, आणि एक-एक करून तिन्ही मासे आपल्या हाताने त्या कच्च्या पाण्यात सोडले. टाळ्या वाजल्या. पोरांनी बुंदी टाकली. पुंजाजी जेवायला थांबले नाहीत.

पुढचं मला वर्षाने सांगितलं, माझ्या दुकानात त्याच स्टुलावर बसून. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. तिने नळीत थेंब टाकले, पाणी गडद हिरवं. सासूबाई म्हणाल्या, रंगाचं काय घेऊन बसली, मासे तर आहेत ना. मग दोन तरणे मासे गेले. पाव्हणे अजून घरात होते, वास्तूत मेलेला जीव म्हणजे अपशकुन, आणि अपशकुन आणला कुणी, तर मासे ज्या घरचे त्यांनी. सुनेचाच पायगुण, हे तिच्या तोंडावर बोललं गेलं. डेपो मॅनेजर वर तोंड काढून हवा गिळत होता. सासरे म्हणाले, "रुसला असीन. तूच तं सांगत व्हती, ऑस्कर रुसते म्हनून." वर्षाने कल्ले बघितले आणि बापाला फोन लावला.

पुंजाजी आपल्या टाकीचं पाणी ड्रममध्ये घेऊन पोचले. इवायांनी दारातच अडवलं. आता नेऊ नका, वास्तूतून जीव बाहेर गेला तर लोक काय म्हणतील, मेला तर मेला, मागच्या दाराने काढू. त्यावर पुंजाजींनी इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं. वर्षा म्हणते, गल्लीतली माणसं बाहेर आली.

"गाडी बंद पडली! प्याशिंजर उतरवून घिऊन राह्यलो, हटा! मानसाले श्वास येत नसला का तुमी लोकायले इचारता, लोकं काय म्हनतीन? आन माह्या पोरीचा पायगुन काढता? पिकलेलं पानी तुमी फेकलं! इष तुमी केलं! तिनं सांगितलं, तिचं ऐकलं कोनी?"

"मासा नेता तं पोरीलेबी न्या मंग," विहीणबाई म्हणाल्या.

मासा ड्रममध्ये आल्यावर वर्षाने ड्रमचा दुसरा कान धरला.

एसटीत नव्या कंडक्टरने ड्रम टपावर टाका म्हटलं. पुंजाजींनी डेपो मॅनेजरचं पूर्ण तिकीट काढायला लावलं आणि ड्रम दोघांच्या मध्ये शिटावर ठेवला. खामगाव, मग मेहकर, सारी वाट वर्षा मगाने पाणी वर उचलून पुन्हा आत सोडत होती, माशाला हवा मिळावी म्हणून. वाटेत बाप एवढंच बोलला, "तू तवा मान हालवली, बोलू नोका म्हनून. ऐकाले नव्हतं पाहिजे."

"मी म्हटलं, सोडू नोका," वर्षा म्हणाली. "तुमाले वाटलं, बोलू नोका."

हे सांगताना ती रडली नाही. रडले मी. पुंजाजींना ते वाक्य कसं लागलं असेल! पण मी कधी विचारलं नाही.

डेपो मॅनेजर जगला. त्याच्या जुन्या टाकीत, जुन्या दगडावर, बरेच दिवस रुसून. आणि बाजाराचं सुरू झालं: पोरगी कधी जाणार? माशावरून कोणी घर सोडतं का? चहाच्या टपरीवर, माझ्या दुकानात माप देता देता, ज्याला त्याला तेच. मासे मेले याची हळहळ कुणाला नाही, मुलगी जिवंत परत आली याची मात्र सगळ्यांना काळजी. मी दोन गिऱ्हाइकं त्यात घालवली, त्याचं मला काही वाटत नाही.

मग जावई आला, अमोल, बरोबर लग्न जुळवणारे मध्यस्थ काका. काकांनी सुरुवात केली, झालं गेलं, आता सुनेला पाठवा. मी भिंतीला कान लावून होते.

"पानी पिकलं का?" पुंजाजींनी विचारलं.

"कोनतं पानी?" काका.

"माशाले मी धा वेळा पानी पाहून सोडतो. पोरगी मात्र नारळ हाती देऊन पाठोली, पानी न पाहता. ते माही चूक. आता पाहून पाठवीन." मग जावयाकडे वळून, "तुमी टाकी पुन्ना भरा. विरजन मी देतो. फिल्टरले तुमच्याबिगर कोनाचा हात लागला नाही पाहिजे. थेंब तुमी टाकाचे. हिरवं असलं तं येऊ नोका."

काका उठून गेले. जावई बसून राहिला. तो त्या दिवशी संध्याकाळी विरजण मागत होता आणि पुंजाजींनी दिवे लागले म्हणून त्याला सकाळपर्यंत मेहकरात थांबायला लावलं.

नंतर त्याचे फोटो येत राहिले. आधी मोबाइलवर हिरव्या नळ्या, बऱ्याच दिवसांनी पिवळ्या. शेवटी एकदा खरी नळीच शर्टाच्या खिशात उभी घालून आणली. पुंजाजींनी ती उजेडाला धरली आणि वर्षाच्या हातात दिली. तिनेही उजेडाला धरली. सासूबाईंचा तिला आदल्या दिवशी फोन आला होता. "फिल्टरले मी हात नाही लावत वो बाई, ये तू," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. त्या घरासाठी तेही पुष्कळ होतं. "जाते मी," वर्षा म्हणाली. "थेंब जवळ ठेवते. हिरवं दिसलं तं परत यीन." बाप म्हणाला, "मासे अजून नाही. पयले तू."

निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासोबत मेहकरच्या स्टँडवर गेले. पुंजाजींनी खाकी शर्टाला इस्त्री केली होती. हातात विरजणाचा डबा, जास्तीचं असावं म्हणून. खामगावची लाल गाडी लागली, वर्षा-अमोल खिडकीशी बसले. डबा द्यायला म्हणून पुंजाजी आत चढले. कंडक्टर ओळखीचा निघाला. त्याला काहीतरी म्हणाले, त्याने हसून वाट दिली, आणि पुंजाजींनी दोरी ओढून डबल बेल दिली. गाडी सुटली.

ते उतरलेच नाहीत. मी खालून हाका मारल्या. त्यांना ऐकू आलं नसेल किंवा आलं असेल. मेहकरला ते परतलेच नाहीत; त्या पावसाळ्यात पिंपळगावलाच वारले, मुलीच्या घरी, झोपेत, त्यामुळे माझ्यापुरते पुंजाजी त्या गाडीतलेच राहिले. डेपो मॅनेजर आता वर्षाकडे आहे. त्या सकाळी गाडीच्या मागच्या काचेतून मला शेवटचं दिसलं ते एवढंच: स्टँडबाहेरच्या वळणावर गाडी कलली, उभी माणसं दांड्याला लटकली, आणि पुंजाजी कशालाच न धरता, दोन्ही हातांत डबा घेऊन, ताठ उभे होते.